चाळीतून सदनिकेत : गिरगावचा एक अभ्यास

मुंबईच्या चर्नी रोड स्थानकातून पूर्वेच्या बाजूस उतरले म्हणजे काही पावलांतच गिरगाव लागते. ठाकूरद्वार, मुगभाट, फणसवाडी, झावबावाडी, कांदेवाडी, खोताची वाडी ही नावे महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांतही परिचयाची आहेत. गोमंतकातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मुंबईस गेलेल्या कित्येक कुटुंबांचे पहिले बिऱ्हाड याच परिसरात मांडले गेले होते. १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सवाची मुंबईतील सुरुवात ज्या केशवजी नाईकांच्या चाळीत झाली ती येथलीच. १९३५ साली स्थापन झालेला मुंबई मराठी साहित्य संघ येथलाच. आणि १९३१ साली पहिला भारतीय बोलपट ज्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला तेही येथलेच. त्या चित्रपटगृहाच्या जागी पुढे व्यापारी संकुल उभे राहिले, म्हणजे जुने जाऊन नवे येणे हे या वस्तीला अगदीच अपरिचित नाही.

मात्र गेल्या तीन दशकांत जे घडत आहे त्याचे स्वरूप निराळे आहे. तीन-चार मजली चाळी पाडून त्या जागी वीस, तीस, चाळीस मजल्यांचे मनोरे उभे राहत आहेत. जुन्या भाडेकरूस त्याच जागी मालकी हक्काची सदनिका विनामूल्य मिळते. वरकरणी पाहता यापेक्षा अधिक चांगला सौदा कोणता असू शकेल? तरीही सदनिकेचा ताबा घेतल्यानंतर थोड्याच वर्षांत ती विकून वा भाड्याने देऊन डोंबिवली, बोरिवली, वसईकडे गेलेली कुटुंबे या भागात पुष्कळ आढळतात. याचे कारण शोधू गेल्यास असे दिसते की, सदनिका विनामूल्य मिळाली तरी तिच्यात राहणे विनामूल्य नसते. हा फरक करारनाम्यावर स्वाक्षरी करताना फार थोड्यांच्या ध्यानात येतो.

भाडे गोठले, इमारती झिजल्या

आजच्या परिस्थितीचे मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आहे. युद्धामुळे बांधकाम थांबले, मुंबईत माणसांची रीघ मात्र वाढली, आणि भाडी भडकू नयेत म्हणून सरकारने निर्बंध घातले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे मानले. तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था अर्धशतकाहून अधिक काळ टिकली. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने भाड्यात दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली खरी. पण मूळ भाडेच इतके अल्प होते की त्यावरील चार टक्क्यांनी घरमालकास छपराची कौलेही बदलता येणे शक्य नव्हते.

याचा परिणाम दोन्हीकडे झाला. भाडेकरूस निष्कासनाची भीती उरली नाही, आणि ज्या खोलीचे भाडे नाममात्र होते त्या खोलीच्या भाडेहक्काला पागडीच्या रूपाने मोठे मोल आले. घरमालकास मात्र दुरुस्तीत काडीचाही लाभ दिसेना. गिरगावातील चाळी बहुतांशी सागवानी खांब व तुळया, मध्ये विटांचे काम आणि वर कौले अशा बांधणीच्या. असे लाकूड कोरडे राहिल्यास शंभर वर्षे टिकते; पण मजल्याच्या टोकाला असलेल्या सार्वजनिक संडासांच्या व मोऱ्यांच्या गळतीने ते आतून कुजते. त्यामुळे चाळ खचू लागते ती बहुधा संडासांच्या बाजूनेच. टेकू लावलेला हा भाग व त्याखालून जपून जाणारी माणसे हे दृश्य येथल्या रहिवाशांच्या सवयीचे झाले.

इमारती कोसळून माणसे दगावू लागली तेव्हा शासनाने बेडेकर समिती नेमली. तिच्या १९६८ च्या अहवालानंतर १९६९ चा दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आला. शहर भागातील जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवून त्यातून व शासनाच्या अंशदानातून मंडळाने दुरुस्ती करावी, अशी ती योजना होती. त्या वेळी अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० पूर्वीच्या म्हणजे ‘अ’ वर्गातील होत्या. पुढे १९७६ च्या कायद्यान्वये हे काम म्हाडाकडे आले. आजही सुमारे तेरा हजार उपकरप्राप्त इमारती उभ्या आहेत. दुरुस्तीच्या खर्चास मर्यादा आणि इमारतींचे वय मात्र अमर्याद, अशी मंडळाची स्थिती राहिली. धोका किती खरा आहे हे शेजारच्या भेंडीबाजारात ३१ ऑगस्ट २०१७ रोजी दिसून आले. पाकमोडिया मार्गावरील एक उपकरप्राप्त इमारत त्या दिवशी सकाळी कोसळली आणि ३३ जण मृत्युमुखी पडले. ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेत समाविष्ट झालेली होती.

मनोरा इतका उंच का?

चाळीच्या जागी चार मजल्यांऐवजी तीस मजले का येतात, याचे उत्तर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या कलमात आहे. हे कलम थोड्याफार बदलांसह २०३४ च्या नियमावलीतही कायम आहे. विकासकाने सर्व पात्र भाडेकरूंना विनामूल्य सदनिका बांधून द्यावयाच्या आणि त्याबदली त्यास विक्रीसाठी जादा बांधकाम करता यावे, हे त्याचे सूत्र. या नियमावलीच्या मूळ तरतुदीनुसार भूखंडाच्या तिप्पट बांधकाम, किंवा पुनर्वसनास लागणारे क्षेत्र अधिक त्याच्या ५० टक्के प्रोत्साहन क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल ते अनुज्ञेय ठरते. अनेक भूखंड एकत्र केल्यास प्रोत्साहन ६० वा ७० टक्क्यांपर्यंत जाते.

उदाहरणादाखल १,००० चौरस मीटरचा भूखंड घेऊ. भाडेकरूंच्या पुनर्वसनास १,२०० चौरस मीटर लागत असतील तर तिप्पटीच्या हिशेबाने ३,००० मिळतात व विक्रीस १,८०० उरतात. भाडेकरू अधिक असून पुनर्वसनासच २,६०० लागत असतील, तर त्यावर १,३०० प्रोत्साहन मिळून एकूण ३,९०० होतात. म्हणजे जितकी चाळ दाट, तितका मनोरा उंच. भूखंड अरुंद, त्यात वाहनतळासाठी पहिले काही मजले द्यावे लागतात, म्हणून इमारत आणखी वर सरकते. मनोऱ्याच्या उंचीस विकासकाची हाव हे एकच कारण सांगितले जाते. ते अपुरे आहे. चाळीतील दाटीच त्या उंचीला कारणीभूत असते.

भाडेकरूस जुन्या खोलीइतके चटई क्षेत्र मिळते. खोली लहान असल्यास किमान क्षेत्राची हमी असते. हे किमान क्षेत्र पूर्वी २२५ चौरस फूट होते. ते पुढे ३०० झाले. १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेले भाडेहक्क विचारात घेतले जात नाहीत. पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती आवश्यक असे. आता ५१ टक्के पुरते. २०२२ साली मंजूर झालेल्या सुधारणेनुसार धोकादायक इमारतीच्या मालकाने नोटिशीनंतर सहा महिन्यांत प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित संस्थेस संधी मिळते, आणि तिलाही न जमल्यास म्हाडा स्वतः ते काम हाती घेऊ शकते.

भिंतीआडचे स्वातंत्र्य

दीडशे-दोनशे चौरस फुटांची खोली, तिच्यात पुढचा भाग व मागचे स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी, बाहेर समाईक गॅलरी आणि टोकाला संडास, हे चाळीतील बिऱ्हाडाचे सर्वसाधारण स्वरूप. पहाटे ठरावीक वेळी पाणी येई. घरातील कोणीतरी त्या आधी उठून पिंप, कळशा, बादल्या भरून ठेवी. आणि हे कोणीतरी बहुधा स्त्रीच असे. अशा घरातून ३०० चौरस फुटांच्या सदनिकेत आलेल्या गृहिणीला स्वतःचे न्हाणीघर व शौचालय मिळते, चोवीस तास नळाला पाणी मिळते, कडी लावून कपडे बदलण्याची सोय होते. सुनेला, वयात आलेल्या मुलीला, आजारी वृद्धेला याचे जे मोल आहे ते चाळीच्या गोडव्यांत विसरले जाऊ नये. चाळीच्या आठवणींत रमणारे बहुधा चाळ सोडून गेलेले असतात. संडासाच्या रांगेत उभे राहणाऱ्यांत हा हळवेपणा क्वचितच आढळतो.

तथापि गॅलरी गेली हेही तितकेच खरे. चाळीची गॅलरी म्हणजे केवळ येण्याजाण्याची वाट नव्हती. तेथे तान्ही मुले रांगत, वृद्ध आरामखुर्चीत बसत, उन्हाळ्यात रात्री अंथरुणे पडत, पापड-कुरडयांची वाळवणे राखली जात. नोकरीस जाणारी स्त्री खोलीची किल्ली शेजारी ठेवून निघे आणि शाळेतून आलेले मूल शेजारच्याच ताटात जेवे. या साऱ्यास कोणी ‘सेवा’ म्हणत नसे, त्यामुळे तिची किंमतही कोणी केली नाही. सदनिकेत दार लावून घेतल्यावर तेच मूल पाळणाघरात ठेवावे लागते, वृद्धांसाठी दिवसाची बाई ठेवावी लागते, घराला जाळीचे दुसरे दार व कुलूप लागते. शेजाराने जे सहज होत होते त्याचे पैसे मोजावे लागतात. सदनिकेचा हा पहिला अदृश्य खर्च होय.

वृद्धांची अडचण विशेष आहे. चाळीच्या पहिल्या मजल्यावरील आजोबा काठी टेकीत खाली उतरून फाटकाशी बसत, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. चौदाव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली की ते घरातच अडकतात. लिफ्ट चालू असली तरी खाली जाऊन बसावे असे ठिकाण नसते. जेथे बसावे तेथे वाहने उभी असतात.

महिन्याचा हिशेब

दुसरा खर्च अदृश्य नाही, पण तो फार उशिरा दिसतो. चाळीतील भाडे व दुरुस्ती उपकर मिळून होणारी महिन्याची रक्कम बहुधा काही शेकड्यांच्या आतच असे. उंच इमारतीत लिफ्ट असतात, पाणी वर चढविणारे पंप असतात, जिन्यांतील दिवे, पहारेकरी, सफाई, विमा हे सारे असते. ठरावीक उंचीहून उंच इमारतीत आगीच्या वेळी आश्रय घेण्यासाठी राखीव जागा ठेवावी लागते. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार वर्षातून दोनदा परवानाधारक संस्थेकडून यंत्रणेची तपासणी करून प्रमाणपत्र सादर करावे लागते. चाळीत आगीवरचा उपाय म्हणजे वाळूच्या बादल्या. त्या भरल्या नाहीत तरी चालत असे.

समजा, ३०० चौरस फुटांच्या सदनिकेस महिन्याचा देखभाल खर्च ३,००० रुपये येतो. म्हणजे वर्षाचे ३६,००० रुपये झाले. या खर्चासाठी विकासकाने निधी उभारून द्यावा आणि त्यातून दहा वर्षे इमारतीची देखभाल व्हावी, अशी तरतूद नियमावलीत आहे. समजा, प्रत्येक सदनिकेमागे तीन लाख रुपये मिळाले व ते सात टक्के व्याजाने ठेवले, तर वर्षाला २१,००० रुपये येतील. उरलेले १५,००० म्हणजे महिन्याला १,२५० रुपये रहिवाशाने भरावयाचे. येथवर ओझे फारसे नाही. परंतु खर्च दरसाल सहा टक्क्यांनी वाढत गेला तर बारा वर्षांत तो जवळजवळ दुप्पट, म्हणजे वर्षाला ७२,००० होतो; व्याज मात्र २१,००० च राहते. तेव्हा रहिवाशाच्या वाट्याला महिन्याला ४,२५० रुपये येतात. लिफ्ट बदलण्याचा, बाहेरील रंगकामाचा खर्च याशिवाय. आणि संस्थेने मधल्या काळात तुटीसाठी मूळ निधीलाच हात घातला असेल, तर हिशेब आणखी बिघडतो.

ज्या घरात मुलगा-सून दोघे मिळवती आहेत त्यांना ही रक्कम जड वाटणार नाही. पण अल्प निवृत्तिवेतनावर वा केवळ व्याजावर राहणाऱ्या वृद्ध दांपत्यास ती जड जाते. २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, याचा दिलासा निश्चित आहे. पण देखभालीचे देयक ही कराहून वेगळी बाब आहे. सदनिकेची बाजारातील किंमत कोटीच्या घरात आणि हातात येणारे उत्पन्न हजारांत, अशा विसंगतीत जुना गिरगावकर सापडतो. मग विकून दूरच्या उपनगरात मोठे घर घ्यावे व उरलेल्या पैशांवर निर्वाह करावा, हा विचार त्याला शहाणपणाचा वाटतो, आणि हिशेबाच्या दृष्टीने तो चुकीचाही नाही. त्याला कोणी हाकलले असे म्हणता येत नाही. तरी तो राहिला असेही म्हणता येत नाही.

म्हणून करारनामा वाचताना किती चौरस फूट मिळणार एवढाच प्रश्न पुरेसा नाही. निधी किती, तो केव्हा व कोणाच्या नावे जमा होणार, त्याला हात लावण्यास सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल काय, विक्रीच्या इमारतीतील तरणतलाव, व्यायामशाळा व बाग यांच्या खर्चाचा वाटा पुनर्वसनाच्या इमारतीवर पडणार काय, लिफ्ट व पंप दोन्ही इमारतींचे वेगळे की समाईक, या गोष्टी आधी स्पष्ट होणे अगत्याचे आहे. चाळ समितीच्या सभांतून ‘वीस फूट वाढवून द्या’ यावर तास दोन तास वाद रंगतो. निधीच्या कलमावर पाच मिनिटेही खर्च होत नाहीत.

मधली वर्षे

चाळ रिकामी करणे आणि नव्या सदनिकेची किल्ली मिळणे यांच्यामधील काळ हा सर्वांत कसोटीचा. विकासक भाड्याची रक्कम देतो, कुटुंब दुसरीकडे राहावयास जाते. गिरगावातच भाड्याने घर घेणे त्या रकमेत सहसा जमत नाही, म्हणून शाळकरी मुलांची शाळा बदलते वा लोकलचा प्रवास वाढतो. तीन वर्षांचे काम अनेक ठिकाणी सात-आठ वर्षे लांबले, आणि मध्येच भाडे थकल्याच्या तक्रारी सर्वत्र ऐकू येतात. ज्यांना म्हाडाच्या दूरच्या संक्रमण शिबिरांत हलविण्यात आले त्यांच्यापैकी काहींची पुढची पिढी तेथेच वाढली. घर सोडताना ज्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते त्यांच्यापैकी कित्येकांच्या नशिबी नवी किल्ली नव्हतीच. ती वारसांनी घेतली, आणि वारसांचे बिऱ्हाड तोवर दुसरीकडे रुजलेले होते. मूळ रहिवासी कमी होण्यास हा विलंब देखभाल खर्चाइतकाच कारणीभूत आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

मेट्रो मार्गिका ३ साठी गिरगाव व काळबादेवी येथील काही इमारती पाडाव्या लागल्या. तेथील रहिवाशांचे पुनर्वसन त्याच परिसरात करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण खुली झाली आणि गिरगावास स्वतःचे भुयारी स्थानक मिळाले. जुन्या रहिवाशास याचा उपयोग आहेच. पण स्थानकाजवळील जागांचे भाव वाढतात आणि त्याबरोबर सदनिका विकण्याचा मोहही वाढतो.

गल्लीचे रूप

बदल केवळ घराच्या आत होत नाही. चाळीच्या तळमजल्यावर पिठाची गिरणी, छापखाना, शिंपी, वाणी, खानावळ, पुस्तकांचे दुकान अशी रांग असे. नियमानुसार दुकानदारासही जुन्या दुकानाइतकी जागा परत मिळते. पण पाच-सात वर्षे बंद पडलेल्या खानावळीचे गिऱ्हाईक परत मिळत नाही. परतलेल्या गाळ्यात बहुधा औषधांचे वा भ्रमणध्वनीचे दुकान, नाहीतर बँकेचे पैसे काढण्याचे यंत्र दिसते. वर पाच-सहा मजले वाहनतळ असल्याने जेथे पूर्वी गॅलरीत माणसे उभी असत तेथे आता जाळ्या लावलेली भिंत असते. रात्री गल्लीत कोण आले, कोण गेले हे पाहणारे डोळे राहिले नाहीत. त्यांची जागा छायाचित्रण यंत्राने घेतली आहे. गल्लीची रुंदी तीच, गटारे व जलवाहिन्या जुन्याच, आणि वाहने मात्र कित्येक पट.

खोताच्या वाडीतील गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथील लाकडी जिन्यांची, कौलारू छपरांची घरे बहुतांशी राहणाऱ्यांच्या मालकीची. एकेकाळी पासष्टच्या आसपास असलेल्या या घरांपैकी आता निम्म्याहून कमी उरली आहेत. तेथे भाडेनियंत्रणाचा प्रश्न नव्हता. वारसांमध्ये वाटणी करावयाची म्हटली की घरापेक्षा जमीन वाटणे सोपे जाते, हे तेथील घटीचे एक मोठे कारण होय.

गोव्यातील वाचकास या शेवटच्या गोष्टीत ओळखीचे काही आढळेल. पणजी, मडगाव, म्हापसा येथेही जुन्या घरांच्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. गोव्यास १९६८ चा स्वतःचा भाडेनियंत्रण कायदा आहे. मुंबईसारखी उपकराची व्यवस्था मात्र येथे नाही. त्यामुळे विनामूल्य पुनर्वसनाचे मुंबईतील नियम येथे जसेच्या तसे लागू होतील अशी अपेक्षा भाडेकरूने धरू नये, आणि मुंबईच्या नमुन्याचा करारनामा पुढे करणाऱ्याकडून निधीचे व विलंबाच्या भरपाईचे कलम आधी वाचून घ्यावे.

गिरगावातील नव्या इमारतींत गणपती बसतो तो बहुधा वाहनतळाच्या मजल्यावर वा प्रवेशदालनात. पुनर्वसनाच्या व विक्रीच्या इमारतींचे उत्सव काही ठिकाणी एक आहेत, काही ठिकाणी दोन. जेथे एक आहेत तेथे वर्गणीचा हिशेब व देखभालीचा हिशेब एकाच सूचनाफलकावर शेजारी शेजारी लावलेला असतो, आणि आरतीस जमलेल्यांपैकी जुने रहिवासी आधी दुसरा कागद वाचतात.